निळ्याचा काळा

आमच्या नियाजला हॉटेलं फार आवडतात. खाण्यासाठी नव्हे, दिव्यांसाठी. वाघोलीचा फ्लॅट ताब्यात आल्यावर माझ्या या नवऱ्याने स्वयंपाकघरापासून न्हाणीघरापर्यंत एकजात पिवळे दिवे लावले आणि येईल त्याला विचारत सुटला, "कसं वाटतं?" छानच वाटायचं, खोटं कशाला बोलू? पाहुणे उजळ दिसत, सोफा महागाचा दिसे.

पंचाईत झाली ती सासूबाईंची. अम्मी रफूचं काम करतात. नारायण पेठेतल्या जुन्या घरी त्या दारातल्या उन्हाच्या उजेडात बसत आणि फाटलेलं कापड असं विणून देत की बोट फिरवूनही जागा सापडू नये. मला शिवणातलं ओ की ठो कळत नाही, पण त्यांच्या हातांकडे बघत मी कितीही वेळ बसू शकते. इथे त्यांच्या खोलीच्या खिडकीसमोर शेजारच्या इमारतीची भिंत. दिवसाही दिवा लावूनच बसावं लागे.

पेठेतले जुने गिऱ्हाईक यज्ञेश्वर लेले कोट घेऊन मुद्दाम वाघोलीपर्यंत आले होते. रफूसाठी कोटाच्याच शिवणीतून काढायला धागा उरला नव्हता, म्हणून अम्मींनी आपल्या डब्यातला रंग जुळवून घेतला. लेले कोट घेऊन गेले आणि दुसऱ्याच दिवशी परत आले.

"रफू उत्तम आहे हुस्नबानू," ते म्हणाले. "रस्त्याच्या पलीकडूनही दिसतं."

अम्मींनी कोट गॅलरीत नेला. गडद निळ्या कापडावर काळा धागा! लेले कोट तसाच घेऊन गेल्यावर त्यांनी डबा बंद करून कपाटावर ठेवला.

"डोळे गेले, सलीमा. आता लोकांचे कपडे बिघडवायचे नाहीत."

मला इतका राग आला, आणि तो काढायला कुणी सापडेना. डोळ्यांच्या डॉक्टरांनी नुकतंच सगळं ठीक असल्याचं सांगितलं होतं. पण अम्मी ऐकायला तयार नव्हत्या. ज्या मालिकांना नावं ठेवायच्या त्याच बघत बसू लागल्या, हात मांडीवर रिकामे. मला ते बघवत नव्हतं.

त्याच आठवड्यात मी आमटी केली. हळद घातली की नाही कळेना, म्हणून आणखी घातली.

"आज हळदीचा कार्यक्रम आहे का?" पहिल्या घासाला नियाजने विचारलं.

सणसणीत उत्तर ओठांवर आलं होतं, पण मी थबकले. पिवळ्या दिव्यात मला पिवळं दिसलं नव्हतं. मग अम्मींना निळं कुठून दिसणार? उठून त्यांच्या डब्यातली दोन रिळं दिव्याखाली धरली. माझ्या धडधाकट डोळ्यांनाही दोन्ही काळीच. बाहेर लिफ्टपाशी पांढरी ट्यूब होती, तिथे अम्मींना हाताला धरून नेलं. एक रीळ निळं, एक काळं.

"अम्मी, डोळे नाही गेले. उजेड गेलाय."

"पांढरे दिवे लावले की घराचा दवाखाना होतो," नियाज पुटपुटला.

"होऊ दे. पेशंट तरी बरा होईल."

कुरकुर केली खरी, पण दुकानात त्याने जे केलं त्याला तोड नाही. एकेक दिवा लावायला सांगून खाली धागे धरले. एक दिवा इतका निळसर की त्यात काळाही निळा वाटे. तो परत केला. दिवसासारखा उजेड सापडेपर्यंत दुकानदाराला जागचं हलू दिलं नाही. तो दिवा अम्मींच्या बैठकीवर लागला, तसाच एक शेगडीवर. त्यांच्या पलंगापाशी मात्र त्याने पिवळाच ठेवला, झोप लागावी म्हणून. दिवाणखान्यालाही हात लावला नाही. तेवढी हौस मी चालवून घेतली.

अम्मींनी लेल्यांना फोन करून सांगितलं, "चूक माझी आहे. कोट पाठवा." काळा धागा उसवून त्यांनी ती जागा पुन्हा विणली.

कोट न्यायला लेले संध्याकाळी आले. मी त्यांना थेट पांढऱ्या दिव्याखाली उभं केलं. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला, अस्तर उलटून पाहिलं. पेठेतल्या चोखंदळ नजरेलाही जागा सापडेना. पिशवीत हात घालून ते जरा थांबले, मग मऊ धोतरात गुंडाळलेला शालू बाहेर काढला.

"आईचा आहे. घडीवर विरलाय. आजवर कुणाच्या हाती दिला नाही."

अम्मींनी तो मांडीवर उलगडला. जांभळा म्हणावा तर त्यात लाल, लाल म्हणावा तर जांभळा.

"अंधार पडलाय, घाई नको," लेले म्हणाले. "सकाळी बघा सावकाश."

अम्मी डब्यातली रिळं एकेक करून काठाला लावून बघत होत्या.

"आत्ताच बसते," त्या म्हणाल्या. "उजेड आहे."