काळ्या चित्रातली शिट्टी

"आता वाजून राह्यलं, काका. आयका ना," राधिका म्हणाली.

जगदेवनं टीव्हीच्या उघड्या पाठीशी कान नेला. पडद्यावर रात्रीच्या जंगलाचं काळं चित्र होतं, आवाज बंद केलेला. मंगरूळपीरच्या बसस्टँडसमोरच्या त्याच्या दुकानात कंडक्टरच्या हाका स्वच्छ ऐकू येत होत्या. टीव्हीतून काहीच येत नव्हतं.

"कायचा आवाज, बाई?"

"बारीक शिट्टी. चित्र काळं झालं की सुरू, उजेड आला की बंद."

तिचा नवरा हरीओम दारात उभा होता. आसेगावहून त्यानंच टीव्ही ऑटोत घालून आणला होता.

"घरात कोनालेच येत नाई तो आवाज," तो म्हणाला. "मले नाई, माह्या मायले नाई. माय म्हनते, हिच्या डोक्यातच वाजते, दवाखान्यात न्या. तुमी एकदा सांगून टाका ना, टीव्ही चांगला हाय म्हनून."

राधिका जगदेवच्या तोंडाकडे पाहत राहिली.

जगदेवचं सगळं आयुष्य कानावर चाललं होतं. रेडिओच्या दिवसांपासून नुसत्या खरखरीवरून तो बिघाड सांगायचा. टीव्ही चांगला आहे, हे शब्द त्याच्या ओठावर आलेही होते. पण ती 'चित्र काळं झालं की' म्हणाली होती. डोक्यातल्या आवाजाला पडद्यावरचं चित्र कसं कळेल? त्याला राहवेना.

"थांबा जरासं."

त्यानं विजेची लाट रेघेत दाखवणारा ऑसिलोस्कोप ओढला आणि त्याची तार टीव्हीच्या बोर्डाला लावली. उजळ चित्रावर रेघ सलग होती. चित्र काळं केलं, तशी रेघ तुटली. छोटे छोटे झुपके, मधे मोकळी जागा.

जगदेवनं चष्मा पुसला. मग राधिकाला रस्त्याकडे तोंड करून उभं केलं.

"मागं पाहू नको. शिट्टी आली की हात वर कर."

रेघ तुटली, हात वर गेला. रेघ जुळली, हात खाली आला. त्यानं उजळ चित्र बराच वेळ तसंच ठेवलं. हात हलला नाही. मग हळूहळू उजेड कमी करत आणला, आणि पहिला झुपका सुटा झाला त्याच क्षणी हात पुन्हा वर गेला.

हरीओम आत आला. "हे काय होय?"

"हा भाग लाइनीतून वीज सारखी ओढून घेते," जगदेवनं बोट दाखवलं. "पॉवर फॅक्टर नीट ठेवाले, म्हंजे लाइनीवर उगाच भार पडत नाई. उजळ चित्राले वीज भरपूर लागते, मंग हा सलग चालते. काळ्या चित्राले लागते थोडी. मंग हा चालते, थांबते, चालते, थांबते. सेकंदाले हजारो डाव. त्या झटक्यानं ही कॉइल थरथरते अन् गाते. बायकोच्या डोक्यात काई नाई, हरीओम. कमी आपल्याच कानात हाय."

"मी तर थ्रेशरच्या खडखडाटात राह्यतो, माह्ये कान गेले असतीन," हरीओम म्हणाला. "पन तुमाले?"

जगदेवनं सोल्डरिंग गन तापायला लावली.

दुपारभर राधिका स्टुलावर बसून त्याच्यासाठी ऐकत होती. त्यानं लाकडी काडीनं कॉइल दाबली. "कमी झाली," ती म्हणाली. त्यानं ती कॉइल काढून वॉर्निशमध्ये बुडवली, गरम हवेवर वाळवून परत बसवली.

"हाय अजून. अगदी बारीक."

तो पुन्हा रेघेकडे पाहत बसला. प्रत्येक झुपका एकदम सुरू होत होता आणि एकदम तुटत होता. या झटक्यालाच नरम करता आलं तर? हे चालू-बंद करणाऱ्या कंट्रोल आयसीजवळचा एक छोटा कपॅसिटर त्यानं बदलून पाहिला, मग दुसरा, मग आणखी एक. झुपक्यांच्या कडा गोल झाल्या.

राधिकानं डोळे मिटले.

"गेली," ती म्हणाली. पुन्हा ऐकलं. "गेली, काका."

हरीओमनं लगेच फोन लावला. "माय, टीव्हीच वाजत होता. हो, टीव्ही! राधिका बरोबर होती." तो ऑटो बघायला बाहेर गेला. राधिका हसली आणि मग पदरानं डोळे टिपत राहिली.

जगदेवला सकाळी जे ऐकू येत होतं, तेच आताही येत होतं.

"कशी होती वं ती?" त्यानं विचारलं. "काढून दाखव बरं."

ती लाजली. रस्त्याकडे एकदा पाहून तिनं जीभ दातांना लावली आणि फटीतून श्वास सोडला. जगदेव पुढे वाकला. तिचे आवळलेले ओठ त्याला दिसले, गळ्याची ताणलेली शीर दिसली. ऐकू आली ती स्टँडवरची, कारंज्याची गाडी लागल्याची हाक.

"अशी," ती म्हणाली.

"बारीक होती," जगदेव म्हणाला, आणि टीव्हीच्या पाठीचे स्क्रू आवळू लागला.