फिकट न होणारं बटण

ऑफिसात सगळे तिला काकू म्हणायचे. पंचेचाळिशीतल्या बाईला काकू म्हणतात याचा तिला मनापासून राग यायचा, पण तिच्या कोडला नावं ठेवायची कोणाची टाप नव्हती. दवाखान्यांच्या वेळा ठरवायच्या त्यांच्या वेबसाइटवरची सगळी बटणं तिनं लिहिलेल्या एकाच कंपोनंटमधून, म्हणजे एकाच साच्यातून निघायची. एकदा लिहायचं, पानोपानी वापरायचं. त्याला हात लावायचा तर टीममधल्या दोघांची मंजुरी हवी, हा नियमही तिचाच.

सोमवारी साहेब तिच्या टेबलाशी आले. "काकू, 'वेळ रद्द करा' हे बटण फिकट करा. पटकन दिसलं नाही पाहिजे. लोक फार रद्द करतात, दवाखानेवाले कुरकुरतायत."

"नाही करणार."

"अहो, नुसता रंग तर बदलायचाय, त्यात काय एवढं!"

काकूचं डोकंच सणकलं. तिच्या आईला मोतीबिंदू. गेल्या वर्षी ऑपरेशनच्या तोंडावर ताप भरला तेव्हा म्हातारी दुसऱ्याच एका साइटवर तासभर हे बटण शोधत बसली. सापडलं नाही. न कळवता गैरहजर म्हणून ऑपरेशन तीन महिने पुढे गेलं. म्हणून तर काकूनं आपल्या बटणाला फिकट व्हायची सोयच ठेवली नव्हती. "माझ्या हातून हे पाप होणार नाही," तिनं सांगून टाकलं.

साहेबांनी मग शेजारच्या दाढीवाल्याला गाठलं. तो बिचारा साहेबांच्या शब्दाबाहेर नाही. त्या एका बटणाला बाहेरून वेगळा रंग देता येईना, म्हणून पठ्ठ्यानं थेट सगळ्या बटणांची मूळ फाइलच उघडून रंग बदलला, आणि साहेबांनी मंजुरीला फाटा देऊन ती साइटवर चढवली. व्हायचं तेच झालं. साइटवरची झाडून सगळी बटणं पांढऱ्या पानात विरून गेली. लॉगिन दिसेना, वेळ घेता येईना, फोन खणखणायला लागले.

काकूनं जुनी फाइल परत आणायचा बदल मंजुरीला टाकला.

"बाकीची नीट करा, ते एक फिकट राहू दे!" साहेब कडाडले. "नाहीतर उद्यापासून येऊ नका. आणि याला मंजुरी देईल तोही घरी जाईल."

घर तिच्या एकटीच्या पगारावर चालायचं. तरी ती म्हणाली, "नाही येणार. पण हा बदल मी मागे घेणार नाही."

दाढीवाल्यानं माऊस हलवला. "मी दिली मंजुरी," तो म्हणाला. "घाण मीच केली होती."

आणखी एक हवी होती. कोपऱ्यातली टेस्टर, वर्षभरात जिचा आवाज कोणी धड ऐकला नव्हता, खुर्ची मागे सारून उभी राहिली. "दुसरी माझी."

दोनच पुरल्या असत्या. पण तिसरी आली, चौथी आली, पाचवी आली.

काकूनं बदल चढवला. सगळ्यांच्या स्क्रीनवर बटणं पुन्हा ठळक झाली, रद्द करायचंसुद्धा.

"आता काढा, साहेब," ती म्हणाली. "पण सगळ्यांना एकदमच काढा."