शिवेवरचा टोणगा

मी एक म्हातारा टोणगा आहे. म्हशीच्या पोटी नर जन्मला की माणसं त्याला टोणगा म्हणतात. एखादा माणूस हाक मारूनही हलला नाही, विचारूनही बोलला नाही, तर त्यालाही टोणगाच म्हणतात. मित्रांनो, हा शब्द माझ्या अंगावरून तुमच्या तोंडात कसा गेला, ते मी पाहिलं आहे.

सिद्धगडाच्या पायथ्याशी नथूच्या दावणीला मी वाढलो. दहा पावसाळे त्याच्या भातखाचरांत चिखलणी केली. नथू चारचौघांत तोंड उघडायचा नाही. गाव त्यालाही टोणगा म्हणे.

अडतीस साली पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ आली. चार दिवसांत सात माणसं गेली. भगत जैतू म्हणाला, "रोग टोणग्याच्या अंगावर घालायचा नि शिवेपार सोडायचा. वाघ खाईल, रोगासकट खाईल."

"मंग चिखलणीला काय आमाला जुपतोस?" नथूची बायको गोदू म्हणाली. "यांना इचारलंस का?"

"एक टोणगा दुसऱ्याचं काय सांगल गो?"

लोक हसले. नथू खाली मान घालून उभा होता. त्याचे पाय कापत होते. मला तेवढेच दिसत होते.

घराघरांतून हात आले. हळद, राख, मेलेल्याच्या अंथरुणाची चिंधी. प्रत्येकाने आपली भीती माझ्या पाठीला पुसली. मग काठ्या हाणत मला शिवेपार ढकललं. समोरच्या जाळीतून वाघाचा वास आला आणि माझे चारी पाय जागीच थिजले.

"बघा, टोणगाच. पळायचंबी कळत नाय."

कळत होतं, मित्रांनो. सगळं कळत होतं. घाबरलेला जीव दगडासारखा उभा राहतो आणि काठीवाला त्याला मूर्ख ठरवतो. या शब्दाचा जन्म एवढाच.

शिवेवरून परतताना मागे बघायचं नाही, बघितलं तर रोग पाठी लागतो, अशी रीत. सगळे ताठ मानेने निघाले. नथू मात्र वळला. थरथरत आला आणि माझ्या गळ्यात दावं घातलं.

माझ्या गळ्यातल्या घंटेचा आवाज ऐकून जैतू पाठमोराच म्हणाला, "नथ्या, गाव मारशील."

"मंग ये नि सोड दावं," नथू म्हणाला.

त्यासाठी वळावं लागलं असतं. कुणी वळलं नाही.

गावात आमच्यासमोर एकेक दार बंद होत गेलं. गोदूने अंगणात माझी पाठ घासली. हळद निघाली, राख निघाली. भीती निघाली नाही. अजून कुणी हळदीचा हात पुढे केला की माझे पाय हलत नाहीत.

तुमच्या आळीतही असा एखादा उभा असेल. त्याला नाव ठेवू नका. आधी हातातली काठी खाली ठेवा.