मशीन किती पिती

आमचा आखाडा, शेतातलं घर, मुदखेडपासून लई आत. नातीच्या, पुनमच्या, हळदीचा स्वयंपाक चुलीवर होणार, म्हणून लेकानं, बालाजीनं, पडलेली बाभूळ कापायला मशीन आणली. पंपावर बाटलीत पेट्रोल देत न्हाईत, मोटारसायकलमधूनच काढायचं.

"सगळं काढू का, माय?"

"आन् अजून आणायला पायी जाशील का, शहाण्या? आधी बघू दे, ही पिती किती."

बालाजीनं मशीनच्या टाकीपुरतंच काढलं. मी बाजेवर बसून बघत राहिले. बारक्या फांद्यांतच मशीननं अर्धी टाकी संपवली.

"थांबव! फांद्यांना कुऱ्हाड लाव. मशीन खोडालाच."

खोडाचा शेवटचा तुकडा पडला आन् मशीन बंद पडली. मी मोटारसायकल हलवली. टाकीत पेट्रोल डचमळलं.

"उरलं की रे! जा, किराणा घेऊन ये."