अकरावं प्रकरण

डोरीन फ्रेझरने तीस वर्षांत भल्याभल्या कादंबरीकारांची सालटी काढली होती. विनिपेगच्या पेपरात शनिवारी तिचं परीक्षण यायचं आणि कुणाचा ना कुणाचा रविवार नासायचा. पण जुनी मैत्रीण मार्नी कोवाल हिच्या नव्या कादंबरीची छपाईआधीची कच्ची प्रत प्रकाशकाकडून आली, आणि अकरावं प्रकरण वाचताना सालटं निघालं ते डोरीनचंच.

त्यात एक परीक्षणं लिहिणारी बाई होती. वृद्धाश्रमातून भावाचा फोन येतो, आई बोलावतेय, ये. बाई सांगते, मी परगावी आहे. असते घरातच, लेख पुरा करत. संध्याकाळी आई जाते.

हे डोरीनचंच होतं. जगात एकट्या मार्नीला तिने ते सांगितलं होतं, मार्नीच्या स्वयंपाकघरात ढसाढसा रडत. भाऊ वेन आजही समजून होता की बहीण त्या दिवशी दूर रजायना शहरात होती. त्याला कळू नये म्हणून तिने नऊ वर्षं जीव मुठीत धरून काढली होती. आणि वेन मार्नीचं एकही पुस्तक सोडत नसे.

"हलकट मेली!" डोरीन एकटीच ओरडली.

आता कळणारच आहे तर आपणच सांगू, आणि सांगता सांगता हिची लक्तरं वेशीवर टांगू, असं तिने ठरवलं. तोंडाने सांगायचा धीर नव्हता, छापून सांगायचा होता. धंदाच पडला तो! तिने लिहिलं, 'आई बोलावत असताना घरात बसून परगावी असल्याचं सांगणारी, अकराव्या प्रकरणातली ती मुलगी मी आहे. मैत्रिणीचं दुःख चोरून कुणी मोठी लेखिका होत नाही.'

"डोरीन, तयार पुस्तक आलंय ऑफिसात," संपादक ग्लेन म्हणाला. "परीक्षण त्याच्याशी एकदा ताडून घेता का? नियम आहे आपला."

"मला नियम शिकवू नकोस रे. चार स्वल्पविराम बदलतात, दुसरं काय! छाप तू."

त्याने छापलं. शनिवारी सकाळी वेन दारात उभा, अंगात जाड कोट, हातात कादंबरी.

"मी ही मंगळवारीच विकत आणून वाचून काढली," तो म्हणाला. "कुठाय गं यात ती मुलगी?"

"अकराव्या प्रकरणात."

"अकराव्यात गिमलीच्या तळ्यावर मासे पकडताहेत."

तिने पुस्तक हिसकावलं, मागेपुढे चाळलं. नव्हतंच. तिने मार्नीला फोन लावला.

"काढलं होतं गं," मार्नी म्हणाली. "शेवटच्या तपासणीत. वेनच्या हाती पडलं तर तुझं काय होईल, म्हणून अख्खं प्रकरण फेकलं. प्रकाशक भडकला माझ्यावर. तुला सांगायची लाज वाटली. आणि आज पेपर उघडला तर..."  फोन बंद झाला.

वेनने सगळं ऐकलं होतं. कोटाची बटणं लावत तो सावकाश म्हणाला, "आई दुपारभर दाराकडे बघत होती. मी तिला सांगत राहिलो, डोरीन निघालीय, बसचा रस्ता लांबचा आहे, जरा कळ काढ. आणि तू दहा मिनिटांवर होतीस."