दारावरचं नाव

डेल्मर कुचेरानं नव्या पिकअपच्या बाजूनं हौद्यात हात घातला आणि काख कठड्याला टेकेपर्यंत वाकला, तरी त्याची बोटं तळाला लागली नाहीत.

"वासराच्या औषधाची बाटली इथं घरंगळली, तर काय करायचं?" त्यानं विचारलं. "तुला हाक मारायची?"

"पायरी आहे ना, सर." कोल्बी नावाच्या दाढीवाल्या विक्रेत्यानं बटण दाबलं. गाडीच्या पोटाखालून एक पायरी हळूच बाहेर आली.

"वा! म्हणजे आधी गाडी इतकी उंच करायची की माणसाला चढता येऊ नये, आणि मग चढायला शिडी विकायची. शहाणे आहात."

कोल्बी हसला. हसण्याचाच पगार होता त्याला. डेल्मरनं गाडीभोवती एक फेरी मारली. टायरला लाथ घातली, आरशात स्वतःचं नाक बघितलं, दार उघडून आतल्या चामड्याच्या सीटवर बोट फिरवलं आणि ते बोट पँटला पुसलं.

"ह्यावर शेणाचे बूट घेऊन बसायचं की लग्नाचे?"

"सर, सीट गरम होते. उन्हाळ्यात थंडही होते. आणि बाहेर सात कॅमेरे आहेत."

"मला डोळे दोन आहेत. दोन्ही चालू आहेत."

डेल्मरला नावं ठेवायची खोडच होती. आमच्या काउंटीत गाडी घेतलेल्या प्रत्येकानं एकदा तरी त्याच्या तोंडून तिची शोभा करून घेतलेली आहे. नवी घेतली तर "बँकेची गाडी कशी पळते?" आणि जुनी घेतली तर "कुणाचं मढं उचलून आणलंस?" गाईगुरं, कुंपणं, सुना, चर्चमधलं गाणं, कशालाही त्यानं कधी बरं म्हटलं नाही. माणूस खोटा नव्हता, कष्टाळू होता, पण त्याच्याजवळ पाच मिनिटं उभं राहिलं की आपण जन्माला आलो हीच चूक झाली, असं वाटायचं.

नोरीन, त्याची बायको, शेजारच्या सीटवर पर्स मांडीवर धरून बसली होती. तिला तिथं चढवायला कोल्बीला तिच्या कोपराला धरावं लागलं होतं. उन्हाळ्यात तिच्या हृदयात दोन स्टेंट बसवल्या होत्या, आणि थंडीत उघड्यावर थांबायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

आणि नेमकं तेच झालं होतं. पंधरा दिवसांपूर्वी हॅलोवेच्या रस्त्यावर, डबक्यांच्या वळणाशी, त्यांच्या जुन्या पिकअपच्या इंजिननं मान टाकली. त्या टेकड्यांत फोनला रेंज नाही. वारा असा होता की गुरंसुद्धा त्याला पाठ करून उभी होती. डेल्मर बॉनेट उघडून बाहेर उभा राहिला, आणि नोरीन घोंगडी पांघरून सीटवर आडवी झाली. आमच्याकडे बंद पडलेल्या गाडीला ओलांडून कुणी जात नाही. वैरी असला तरी माणूस काच खाली करून विचारतो. त्या दिवशी तीन पिकअप आल्या आणि तिन्ही निघून गेल्या. शेवटी थांबला तो काउंटीचा रस्ते साफ करणारा माणूस, आणि तो पगारी. तोवर नोरीनचे ओठ निळे पडले होते.

"माणुसकी मेली," डेल्मर तेव्हापासून सगळ्यांना सांगत होता. पण रात्री नोरीनचा श्वास नीट चाललाय ना, हे तो दोनदा उठून बघायचा. हिवाळा आता दारात होता. त्याला अशी गाडी हवी होती, जी तिला रस्त्यात सोडणार नाही.

"ही तुम्हाला रस्त्यात सोडणार नाही, सर," कोल्बी म्हणाला. त्याला मनातलं वाचता येत नव्हतं, तो सगळ्यांनाच तसं सांगायचा. "आणि समजा काही झालंच, तर हे लाल बटण. दाबलं की मदत येते."

"कुठून?"

"आमचं केंद्र आहे ना, ओमाहाला."

"ओमाहाहून माणूस निघणार, वाटेत जेवणार, आणि वसंत ऋतूत आम्हाला उकरून काढणार."

कोल्बीनं किंमत सांगितली. डेल्मरनं टोपी काढली, तिच्या आत बघितलं आणि परत घातली. "विचार करून सांगतो," तो म्हणाला. असं तो म्हणाला म्हणजे गाडी त्याच्या मनात भरली होती. नोरीनला ते कळलं. नवं इंजिन ते नवं इंजिन, हे त्यालाही मान्य होतं.

परत जाताना, मेव्हण्याकडून मागून आणलेल्या खटाऱ्यात, नोरीन म्हणाली, "आर्लीस गेलनची गाडी विकतेय."

"गेलनची? हं! त्या गाडीनं गेलनपेक्षा दुसऱ्यांचीच कामं जास्त केलीत."

गेलन पेट्झ त्यांचा शेजारी, म्हणजे चार मैलांवरचा. सप्टेंबरात गवत कापता कापता गेला. डेल्मरच्या मते गेलन म्हणजे पहिल्या नंबरचा बावळट. स्वतःचं कुंपण पडलेलं आणि हा दुसऱ्याची गुरं हुडकत फिरतोय. लष्कराच्या भाकऱ्या भाजण्यात जन्म घालवला त्यानं. त्याच्या अंत्ययात्रेला गाड्यांची रांग टेकडीपलीकडे गेली होती, तेव्हा डेल्मर म्हणाला होता, "निम्मे तर नंतरच्या जेवणासाठी आलेत."

"बघायला काय जातंय?" नोरीन म्हणाली. "मला त्या गाडीत चढता येतं."

डेल्मरनं खटाऱ्याला शिव्या दिल्या.

पेट्झांच्या अंगणात गाडी उभी होती. पांढरी, म्हणजे एके काळी पांढरी. उजव्या बाजूला पोचा, हौद्याचा तळ खरवडून उघडा पडलेला, मागच्या काचेला तडा. दोन्ही दारांवर हातभर लांब हिरवी अक्षरं चिकटवलेली: गेलन पेट्झ.

"हे बघ," डेल्मर नोरीनला म्हणाला. "दारावर स्वतःचं नाव! दुसऱ्याच्या गाडीत जाऊन बसेन, अशी भीती होती की काय ह्याला?"

आर्लीस, गेलनची विधवा, हात पुसत बाहेर आली. तिनं ते ऐकलं होतं, पण डेल्मरचं बोलणं मनावर घ्यायचं नाही, हे आमच्याकडे पोरंसुद्धा शिकतात.

"इंजिन चांगलं आहे, डेल्मर. गेल्याच वर्षी नवं टाकलंय. नाव मी काढून देते. केस वाळवायच्या यंत्रानं गरम केलं की अक्षरं सुटतात म्हणे."

"आधी गाडी चालतेय का ते बघू दे. किल्ली?"

"गाडीतच. कधी बाहेर काढली होती त्यानं?"

सीटमागे ओढायची जाड साखळी होती, दोन घोंगड्या आणि कॉफीचा थर्मास. डेल्मरनं "दुकानच मांडलंय" म्हणून नाक मुरडलं आणि इंजिन सुरू केलं. इंजिन गोड वाजलं. त्यामुळे तो आणखी चिडला.

हॅलोवेच्या रस्त्याला लागताच समोरून गुरांची गाडी आली. चालवणाऱ्यानं स्टिअरिंगवरून बोट वर केलं. आमच्याकडे ही पद्धतच आहे. ओळख असो नसो, समोरून गाडी आली की एक बोट उचलायचं. डेल्मर कधीच उचलत नसे. "हात गाडी हाकायला दिलेत, टाटा करायला नाही," म्हणायचा. हळूहळू लोकांनीही त्याला बघून बोटं खाली ठेवली होती.

पण आज बोटं उठत होती. टपालवाल्या बाईनं तर अख्खा हात उचलला. शाळेच्या बसनं दिवे मारले. धान्याच्या कोठाराशी उभा असलेला म्हातारा काठी वर करून उभा राहिला, आणि गाडी जवळ येऊन आतला चेहरा दिसला तशी त्याची काठी सावकाश खाली आली.

"भुताला सलाम ठोकतायत," डेल्मर म्हणाला. "माती द्यायला गेले होते ना सगळे? का विसरले?"

नोरीन प्रत्येकाला बोट उचलून दाखवत होती. तिचे गाल लाल झाले होते.

डबक्यांच्या वळणाशी डेल्मरला खालून काहीतरी खडखडल्याचं ऐकू आलं. त्याला बरंच वाटलं. गाडी कडेला घेऊन त्यानं बॉनेट उघडलं, मग गोणपाट अंथरून पाठीवर सरकत तो खाली शिरला. "आत बैस, काच लावून," तो नोरीनला ओरडला.

गंज होता, पण वरवरचा. एक कडी सैल होती, एवढंच. तो ती आवळत होता, तेवढ्यात एक पिकअप करकचून थांबली. दार आपटलं, आणि चिखलाचे बूट त्याच्या डोळ्यांपासून हातभर अंतरावर येऊन उभे राहिले. बरोबर साखळीचा आवाज. विचारायच्या आधीच माणसानं साखळी काढली होती.

"नोरीन? तू होय? काय झालं गाडीला?"

आवाज डुएन हॅकेटचा. दोन वर्षांपूर्वी चिखलात डुएनची गाडी खड्ड्यात गेली होती, तेव्हा डेल्मरनं थांबून काच खाली केली होती. "चालवता येत नसेल तर गाढव पाळ," म्हणाला होता, आणि काच वर करून निघून गेला होता. त्या दिवशी डुएनला गेलननं बाहेर काढलं.

"काही नाही झालं," नोरीननं काच खाली करून सांगितलं. "विकत घ्यायचीय, म्हणून बघतोय."

"अगं, गेलनची गाडी दिसली, बॉनेट वर, आणि पाय आपोआप ब्रेकवर गेला. खांदा दिलाय मी त्याला. तो नाही हे मला माहीत आहे, पण पायाला कोण सांगणार?" तो हसला, मग थांबला. "कोण बघतंय खाली?"

"डेल्मर."

बूट हलले नाहीत. साखळी मात्र जमिनीवरून उचलली गेली.

"आम्ही त्या दिवशी इथंच उभे होतो, डुएन," नोरीन म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "पुढं गेल्यावर मान वर केली, तर तुझी करडी गाडी मी ओळखली."

डेल्मरनं पाना घट्ट धरला.

"पाहिलं होतं मी," डुएन म्हणाला. "शप्पथ सांगतो नोरीन, तू आत आहेस हे दिसलं नव्हतं. मला वाटलं, तो एकटाच आहे."

"हं," नोरीन म्हणाली.

"तू आहेस हे कळलं असतं, तर..."

"कळलं मला."

साखळी हौद्यात पडल्याचा आवाज झाला. "जपून राहा," डुएन म्हणाला, आणि गेला.

डेल्मरला संताप यायला हवा होता. तोंडाशी शब्दही आले होते, चांगले झणझणीत. पण ते फुटेनात. थंड माती पाठीत शिरत होती आणि त्याला भीती वाटत होती, साधी, लहान मुलाला वाटते तशी. वाऱ्याची नाही, इंजिनाची नाही. नोरीन आत असली, तरी लांबून लोकांना फक्त तोच दिसणार होता. तो तसाच पडून राहिला. तेवढ्यात आणखी एक गाडी मंदावली आणि कुणीतरी ओरडून विचारलं, "सगळं ठीक ना?" नोरीननं हात हलवला, तेव्हा ती पुढं गेली.

बाहेर आल्यावर त्यानं पाठ झटकली नाही. परतीच्या वाटेवर समोरून आलेल्या गाड्या बोटं उचलत होत्या, आणि डेल्मर रस्त्याकडे बघत मुकाट गाडी हाकत होता.

पेट्झांच्या अंगणात आर्लीसनं लांब वायर ओढून ते केस वाळवायचं यंत्र तयार ठेवलं होतं.

"काय म्हणतोस? त्या नव्या दुकानातली घेणार म्हणे?"

"त्या गाडीला बटणंच फार." डेल्मरनं खिशातून चेकबुक काढलं. "ही गंजलीय. कडी सैल होती. गेलननं कधी खाली वाकून बघितलंच नसेल."

"नसेल," आर्लीस शांतपणे म्हणाली. तिनं यंत्र सुरू केलं, दाराशी गुडघ्यावर बसली आणि पहिल्या अक्षरावर गरम वारा धरला. अक्षराची कड वर उचलली गेली.

"राहू दे ते," डेल्मर म्हणाला.

"काय?"

"ते बंद कर आधी. खालचा रंग घेऊन येईल ते. राहू दे."

आर्लीसनं यंत्र बंद केलं. "अरे, पण तुझ्या गाडीच्या दारावर त्याचं नाव? लांबून लोकांना वाटेल, गेलनच चाललाय."

नोरीन पलीकडून नवऱ्याकडे बघत होती. डेल्मरनं चेक बॉनेटवर ठेवून सही केली आणि फाडून दिला. मग तो दाराशी आला आणि वर उचललेली अक्षराची कड अंगठ्यानं दाबून परत बसवू लागला.

"वाटू दे," तो म्हणाला.