उफराटी तपासणी

पुंजाराम सरांचा माणसांवर विश्वास कमी, विद्यार्थ्यांवर तर मुळीच नाही. १९९९ साली भोकरदनच्या त्या खासगी कॉलेजात 'सी' ही कॉम्प्युटरची भाषा शिकवणारे ते एकटेच, आणि नक्कल पकडण्यात आपला हात कोणी धरणार नाही याची त्यांना पक्की खात्री. प्रॅक्टिकल परीक्षेत मशीनवरून छापून काढलेले दोन कागद शेजारी ठेवले आणि त्यांच्या भुवया चढल्या. तुळजा आणि शिवाजी, दोघांनीही लिहिलं होतं: if (NULL == p).

यातला p हा पॉइंटर, म्हणजे पत्त्याची चिठ्ठी. ती कोरी, म्हणजे NULL, असेल तर पुढे जायचं नाही, म्हणून आधी तपासायची. सर शिकवायचे p == NULL. वीस जणांपैकी अठरांनी तसंच लिहिलेलं, या दोघांचंच तेवढं उफराटं. तुळजा सकाळच्या बॅचला, शिवाजी दुपारच्या. म्हणजे मधल्या वेळात कागद फिरला, दुसरं काय! शिवाय दोघं राजूरहून एकाच बसने येतात. सरांच्या डोक्यात नको नको ते येऊ लागलं, आणि खरं सांगायचं तर त्यांना त्यात मजाही वाटू लागली.

त्यांनी आधी शिवाजीला दरडावलं.

"तुळजानं सांगितल्तं सर, चार नंबरच्या मशीनवर बसला तर असंच लिही म्हणून."

झालं, चोर आपणहून कबूल! मग तुळजाला बोलावलं. नकलेचा शेरा पडला की वर्ष जाणार, आणि तिचे वडील कडूबा तिला पुन्हा कॉलेजचं तोंड पाहू देणार नाहीत, हे तिच्याइतकंच सरांनाही ठाऊक होतं. तरी सरांचं पेन उघडंच.

"सर, शेरा मारायच्या आधी चार नंबरवर बसा," तुळजा म्हणाली. "तुमच्याच पद्धतीनं लिहा, पण परीक्षेतल्यावानी जल्दी जल्दी."

सर नाक मुरडत बसले. प्रोग्राम लिहिला, चालवला, आणि मशीन जागच्या जागी अडकलं. त्यांनी ओळ पुन्हा वाचली. बरोबरचं चिन्ह दोनदा दाबलं होतं, उमटलं होतं एकदाच. बटण अडकत होतं. दोन चिन्हं म्हणजे चिठ्ठी तपास. एक म्हणजे चिठ्ठी कोरी कर. मशीनने ती मुकाट कोरी केली होती.

"आता NULL आधी लिहा, अन् तसंच दाबा."

या वेळी प्रोग्राम सुरूच होईना. NULL मध्ये काही ठेवता येत नाही, असं सांगून कॉम्प्युटरने चूक लगेच दाखवली.

सर ओशाळले. पण खोड जाते कुठे? "हे तुला शिकवलं कुणी?"

"कुणीच न्हाई. माझा भाऊ कचरू मागल्या साली याच मशीनवर नापास झाला. तुम्ही त्याच्या कागदावर लिहिल्तं, 'साधी तपासणी जमत नाही, विषय सोडावा.' त्यानं सोडला. आता जिनिंगवर कापसाच्या गठाणी उचलून राह्यला. तो कागद मी वर्षभर वाचला, सर. भाऊ म्हणायचा दोनदा दाबलं, अन् कागदावर चिन्ह एकच छापलेलं."

सरांनी तिला आणि शिवाजीला पास केलं. ती गेल्यावर त्यांनी कपाटातून मागल्या वर्षीचे कागद काढले. दुसऱ्या बॅचला चार नंबरवर नंदा नावाची मुलगी बसली होती. तिचा चेहरा काही केल्या आठवेना. तिच्या कागदावरही तोच शेरा होता, त्यांच्याच वळणदार अक्षरात.